राखोलीच्या शेडमागची शिडाची बोट

जुनी शिडाची बोट विकत घ्यायला कोणी सिल्वासाला जात नाही. तिथे समुद्र नाही. कारखाने आहेत, दमणगंगा आहे, आणि शनिवार-रविवारी गुजरातेतून दारू प्यायला येणाऱ्यांची गर्दी आहे. तरी नाताळच्या सुट्टीत मी आणि माझा मोठा भाऊ दिनेश त्याच कामासाठी तिथे गेलो होतो. प्रवासाचं लिहायची मला सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथेही प्रॅक्टिकलच्या वह्यांपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. म्हणून जसं आठवतं तसं सांगतो.

आधी दादाचं सांगायला हवं. आमचं गाव मुरुडच्या अलीकडे, समुद्राला लागून. वडील मच्छीमार. दादा मात्र तरुणपणीच मुंबईला गेला आणि श्रीमंत लोकांच्या शिडाच्या बोटींवर खलाशी म्हणून राहिला. रविवारी मालक येणार, दोन तास फिरणार, बाकीचे दिवस दादा बोट धुणार, शिडं वाळवणार. एकदाच एका मालकाने बोट लक्षद्वीपला न्यायची ठरवली आणि दादाला बरोबर घेतलं. किनारा दिसेनासा झाला, इंजिन बंद केलं आणि नुसत्या वाऱ्यावर बोट चालली. त्या प्रवासातून दादा परत आला तो वेगळाच होऊन. तेव्हापासून त्याला स्वतःची बोट हवी होती, खोल समुद्रात जाईल अशी. दुसऱ्याची धुवायची नव्हे.

नवी बोट आमच्यासारख्यांच्या स्वप्नातही बसत नाही. जुन्या बोटी चांगल्या असल्या तर त्यांच्या त्यांच्या क्लबांतच हातोहात जातात. उरतात त्या कुजलेल्या. दादाने अशा कितीतरी पाहिल्या होत्या. आता तो चाळिशीला आला, उजवा गुडघा दुखतो, आणि मालकाने नवीन पोराला कामावर घेतलंय. 'या वर्षी नाय, तर मग नायच,' असं तो वहिनीला म्हणाला ते मी ऐकलं होतं.

तेवढ्यात कोणीतरी फोन नंबर दिला. एका परदेशी माणसाने मुंबईत सोडून दिलेली बोट, सिल्वासाच्या एका शेठने घेतलेली. शेठचा फायबरच्या पाण्याच्या टाक्यांचा कारखाना. टाकी बनते तशी बोटही दुरुस्त होईल, या हिशेबाने त्याने ती ट्रेलरवर घालून सिल्वासाजवळच्या राखोलीला नेली. मग त्याचा छंद उतरला. आता जागा अडते म्हणून काढायची होती. किंमत आमच्या आवाक्यातली होती. कागद इंग्रजीत असतील म्हणून दादाने मला बरोबर घेतलं. घरी तो मला नावाने हाक मारत नाही, 'कॉलेज' म्हणतो.

वापी ते सिल्वासा

वापीला उतरल्यावर रस्त्याच्या कडेला एक माणूस जमिनीवर पालथं मडकं ठेवून त्याभोवती शेण्या पेटवत होता. आत पापडीच्या शेंगा, कंद, बटाटे आणि कसलासा रानपाला. मला वाटलं, ही तर आमची पोपटी! आमच्या रायगडात थंडीत शेतात अशीच लावतात, भांबुर्ड्याचा पाला घालून. तिथे तिला उंबाडियुं म्हणतात आणि सोबत हिरवी झणझणीत चटणी आणि ताक देतात. आमच्याकडे पोपटी मित्रमंडळींनी शेतात बसून खायची असते, विकायची नसते. दादा म्हणाला, "चव तीच हाय, फक्त दोस्त कमी पडतात." त्या दिवशी तो खूप खुशीत होता.

सिल्वासाला जाणाऱ्या व्हॅनच्या ड्रायव्हरने विचारलं, "क्या काम से जा रहे हो?"

दादाने सांगितलं, बोट घ्यायला.

"घर किधर है?"

"समुद्राच्या काठी."

ड्रायव्हर हसायलाच लागला. मागच्या सीटवरच्यांना त्याने गुजरातीत सांगितलं, तेही हसले. "काका, समंदर छोड के इधर बोट लेने आये? उलटी गंगा!"

दादाही हसला. आता आठवलं की मला ते हसू बघवत नाही.

आमच्या तालुक्यातले म्हात्रे सर सिल्वासाच्या सरकारी शाळेत शिकवतात. त्यांच्याकडे उतरलो. आईने त्यांच्यासाठी सुके बोंबील दिले होते. सरांनी पिशवी उघडून नाकाशी धरली आणि खोल वास घेतला. मग म्हणाले, "इथं मासा मिळतो रे, पण बर्फात राहून राहून त्याला स्वतःलाच आठवत नाही तो कुठला." जेवताना बोटीचा विषय निघाला तेव्हा सरांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "राखोलीत? दिनेश, तुला कोणी गंडवत तर नाही ना?"

"बघायला काय जातंय सर."

"बघायला आलेला माणूस नारळ घेऊन येत नाही," सर म्हणाले. आईने दिलेला नारळ दादाच्या पिशवीतून डोकावत होता.

राखोली

राखोलीला जाताना दमणगंगेवरचा पूल लागतो. नदी रुंद आहे, पाणी संथ. दोन्ही बाजूंना शेडच शेड. प्लास्टिकचे, धाग्याचे, औषधाचे कारखाने, आणि त्यांच्या मधूनच एखादं शेत, एखादी म्हैस. शेठच्या कारखान्यात हसमुखभाई नावाचे मॅनेजर भेटले. गोल चेहऱ्याचे, घाईतले. "आवो, आवो. पहले बोट देखो, फिर चाय." असं म्हणत ते आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेले.

तिथे काळ्या टाक्यांच्या रांगांपलीकडे ती उभी होती. लोखंडी टेकूंवर, जमिनीपासून उंच. तिसेक फुटांची, पांढरी, पण उन्हाने आणि कारखान्याच्या धुळीने पिवळी पडलेली. डोलकाठी उतरवून बाजूला ठेवली होती, तिच्यावर कपडे वाळत होते. बोटीच्या तळाला खाली शिशाचा जड कणा. आमच्याकडे लाकडी होडीच्या कण्याला पठाण म्हणतात. तो कणा जमिनीपासून वीतभर वर लटकत होता. एवढी मोठी बोट पाण्याबाहेर मी कधी इतक्या जवळून पाहिली नव्हती. ती मला कोणीतरी उचलून चुकीच्या जागी ठेवल्यासारखी वाटली.

दादाने चपला काढल्या. आम्ही होडीवर चपला घालून चढत नाही. त्याने तिच्या बाजूवरून हात फिरवला, पेचकसाच्या मुठीने ठिकठिकाणी ठोकून कान लावला. "आवाज भरीव हाय," तो मला म्हणाला. त्याचे डोळे ओले झाले होते. मी दुसरीकडे बघितलं.

आणि मग आम्हाला तो दगड दिसला. बोटीच्या नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, जमिनीत उभा रोवलेला. हातभर उंच, शेंदूर लावलेला, समोर विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या आणि सुकलेलं झेंडूचं फूल.

दादाला फार बरं वाटलं. "बग कॉलेज, कारखानेवाले असून पूजा ठेवलीय बोटीची. माणसं चांगली दिसतात."

आमच्याकडे नवी होडी घेतली की पूजेशिवाय तिला हात लावत नाहीत. आणि नारळ फुटला म्हणजे व्यवहार झाला, मग मागे फिरायचं नसतं. दादाने हसमुखभाईंना विचारलं, "नारळ फोडू का?" हसमुखभाईंनी दगडाकडे बघितलं. मग म्हणाले, "फोडो ने. शुभ काम में क्या पूछना."

दादाने त्या दगडावर नारळ फोडला. पाणी नाळेवर शिंपडलं. "आई एकवीरे, सांभाळ," म्हणाला. तेवढ्यात चहाची सुट्टी झाली होती आणि सात-आठ कामगार येऊन उभे राहिले होते. बहुतेक नंदुरबार-धुळ्याकडचे, हातावर, भुवयांवर फायबरची पांढरी भुकटी. दादाने खोबऱ्याचे तुकडे केले आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवले. सगळ्यांनी घेतले. कोणी खाल्ले नाहीत. टाक्यांच्या कडेला एक बाई झाडू घेऊन उभी होती, तिच्याही हातावर दादाने तुकडा ठेवला आणि म्हणाला, "घ्या ताई. आमच्याकडे होडी म्हणजे घरातली लेक. आज लेक घरी न्यायला आलोय."

ती बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तो तुकडा पदराच्या टोकाला बांधला आणि झाडायला गेली.

मला वाटलं, इथली माणसं लाजरी आहेत. मी प्रसाद खाल्ला. दादानेही खाल्ला. दादाने हसमुखभाईंना बयाणा दिला, त्यांनी पावती दिली आणि केबिनच्या कुलपाची किल्ली दादाच्या हातात ठेवली. "दो दिन आराम से देखो. फिर पूरा करते हैं." आणि ते गेले.

केबिनचं दार म्हणजे वरून सरकवायचं एक झाकण. ते उघडल्यावर आतून गरम, गोडसर, डोक्यात चढणारा वास आला. आत दादाने सगळं बघितलं. बाकांच्या गाद्या उंदरांनी खाल्लेल्या, इंजिन गंजून अडकलेलं, शिडांना बुरशी. हे सगळं त्याला अपेक्षितच होतं. तो प्रत्येक गोष्टीकडे बघून 'होईल', 'होईल' म्हणत होता. मग त्याने पायाखालचा गालिचा उचलला आणि थांबला.

"सगळं गंजलंय," तो म्हणाला, "आणि जमिनीच्या फळ्यांचे स्क्रू नवे कसे?"

त्याने ते काढले. फळ्यांखाली जागा अरुंद होती. मी सडपातळ, म्हणून बॅटरी घेऊन मी खाली वाकलो. तळाशी, जिथे शिशाचा कणा बोटीला बोल्टांनी जोडलेला असतो, तिथे नव्या फायबरचे थर द्यायचं काम चाललेलं होतं. अर्ध्यापर्यंत थर नीट बसलेले, काचेसारखे चकचकीत. त्यापुढे नुसतीच कोरडी पांढरी जाळी. दोन्हींच्या मधे एक ब्रश रेझिनमध्ये रुतून दगड झालेला होता, आणि शेजारी रबराचा एक हातमोजा. मोज्याची बोटं अर्धवट मिटलेली. आत हात असावा तशी.

 मी बॅटरी दादाच्या हातात दिली.

दादाने स्वतः वाकून बघितलं. बराच वेळ. मग आम्ही दोघं बाहेर येऊन जमिनीवर बसलो. गेटवरचा वॉचमन, भिला नाव त्याचं, आमच्याकडे बघत होता. तो उठून आला.

"काय दिसलं भाऊ?"

"आत कोण काम करत होतं?" दादाने विचारलं.

भिलाने दगडाकडे हात केला. "त्यालेच तुम्ही नारय फोडला."

आम्हाला कळेना. दादा म्हणाला, "अरे, तो बोटीचा देव ना?"

"देव नही, भाऊ," भिला म्हणाला. "तो मना भाऊ शे."

मग त्याने सांगितलं. त्याच्या बोलीत आणि हिंदीत मिसळून, अगदी हळू. दोन पावसाळ्यांमागे त्याचा भाऊ रमेश बोटीच्या आत थर देत होता. रेझिन ओलं असताना पावसाचं पाणी आत पडायला नको म्हणून वरचं झाकण बंद करून त्यावर ताडपत्री टाकली होती. वीज गेली तेव्हा हवा खेचणारा पंखा बंद पडला. त्या वासाने माणूस आधी हसल्यासारखा होतो, मग झोपतो. जेवायच्या सुट्टीत तो बाहेर आला नाही तेव्हा उघडून बघितलं. तोवर उशीर झाला होता. पोलिस आले, गेले. शेठने काम थांबवलं, आणि कोणीतरी फळ्या लावून स्क्रू मारले.

"आमच्या गावाकडे कोणी असा मरी गया, तर मरी गया त्या जागी धोंडा मांडतात," भिला म्हणाला. "पण आत कोण जाऊ देईल आम्हाले? म्हणून खाली मांडला. जवळात जवळ."

दादाच्या बोटांना अजून नारळाचं पाणी चिकटलेलं असावं. तो हात पँटला पुसत होता. पुसत राहिला.

"आणि ती झाडणारी?" मी विचारलं. उत्तर मला माहीत असल्यासारखंच वाटत होतं.

"सुमन. माझी वैनी."

दादरा

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हात्रे सर आम्हाला दादऱ्याच्या तळ्याकाठच्या बागेत घेऊन गेले. आमचे चेहरे बघून त्यांना वाटलं असावं की हवापालट बरा. त्यांना आम्ही रात्रीच सगळं सांगितलं होतं. ते फक्त म्हणाले, "मी इतकी वर्षं इथं आहे. इथल्या कामगारांतल्या कितीतरी जणांची पोरं माझ्या वर्गात असतात. कुठल्या कारखान्यात काय होतं ते आम्हाला पोराच्या गैरहजेरीवरून कळतं."

वनगंगा नावाचं ते तळं सुंदर आहे. मधे बेट, लाकडी पूल, फोटो काढणारी जोडपी, आणि पायाने चालवायच्या हंसाच्या आकाराच्या होड्या. सर बाकावर बसले. दादा म्हणाला, "चल, फिरू."

तिकीटवाला पोरगा दादाला केशरी जॅकेट देत म्हणाला, "पहनना पडेगा काका. पानी गहरा है. डरना मत, हम इधर ही हैं."

"नाय डरत," दादा म्हणाला.

आम्ही त्या प्लास्टिकच्या हंसात बसून पाय मारू लागलो. दादाचा गुडघा दुखत होता, म्हणून हंस सारखा एका बाजूला वळत होता. आम्ही गोल फिरत होतो.

"अर्धा थर राहिलाय," दादा अचानक म्हणाला. "जुना घासून काढायचा, साफ करायचा, नव्याने द्यायचा. महिन्याभराचं काम. मला येतं. मग ती कुठंपण जाईल."

मी जोरात पाय मारून हंस सरळ करायला बघत होतो.

"सकाळी हसमुखचा फोन आलेला. आपण फळ्या उघडल्या ते त्याला कळलंय. किंमत अजून उतरवतो म्हणाला." त्याने दुखरा गुडघा दाबला. "एवढ्या पैशांत अशी बोट मला जन्मात मिळायची नाय."

"पण दादा..."

"पण काय? बोल ना. तू शिकलेला हायस."

"मला खरंच कळत नाही," मी म्हणालो. हेच खरं होतं. आमच्या गावातली माणसं समुद्रात गेलेली आहेत. त्यांच्या होड्या दुसऱ्या वर्षी पुन्हा पाण्यात उतरतात, त्यांचीच मुलं त्यांवर जातात, कोणी काही म्हणत नाही. मग हीच का नको, हे मला नीट सांगता येईना.

दादाच म्हणाला. "समुद्रात मेला तर तो समुद्राचा. समुद्राला विचारायला कोण जातंय. पण जमिनीवर, होडीच्या पोटात मेला, तो कोणाचा?"

काठावरून तिकीटवाला शिट्टी मारत होता. आमची वेळ संपली होती. दादाला हंस धक्क्याला नीट लावता येईना, पोराने बांबूच्या आकड्याने ओढून घेतला. "पहली बार है क्या काका?" पोरगा म्हणाला. दादाने जॅकेट काढून त्याच्या हातात दिलं.

पुन्हा राखोली

दुपारी आम्ही परत कारखान्यात गेलो. दादाने रस्त्यात झेंडूचा हार घेतला होता. तो त्याने दगडाला घातला आणि भिलाला म्हणाला, "चुकलं आमचं. आम्हाला वाटलं..." भिलाने मान हलवली. 

मी भिलाला हातमोज्याचं सांगितलं. सांगावं की नको ते मला कळत नव्हतं, पण लपवणं त्याहून वाईट वाटलं. तो ताडकन उठला आणि टाक्यांच्या मागे गेला. परत आला तेव्हा त्याच्याबरोबर सुमनताई होत्या. पस्तिशीच्या असाव्यात. हातात अजून झाडू होता. त्या थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कोणत्या हाताचा?"

हे त्यांचे पहिले शब्द. मला आठवेना. मी शिडी चढून आत गेलो, श्वास रोखून वाकलो, अंगठा कुठल्या बाजूला आहे ते बघितलं, आणि बाहेर येऊन सांगितलं, "डावा."

त्यांनी डोळे मिटले. "उजवा माझ्याकडे आहे. दवाखान्यात कपडे दिले त्यांत होता. मी साहेबांना विचारलं, दुसरा कुठं आहे. साहेब बोलले, आत काही नाही. दर वेळी बोलले, काही नाही." मग त्या दादाकडे वळल्या. "तुम्ही बोट नेणार?"

दादाने बोटीकडे बघितलं.

"न्या," त्या म्हणाल्या. "माझं काही म्हणणं नाही. रोज येताना दिसते, रोज जाताना दिसते. पण नेण्याच्या आधी मला एकदा आत जाऊ द्या. मला कधीच नाही जाऊ दिलं."

भिला घाबरला. "वैनी, साहेब बघतील. तुझं काम जाईल."

"किल्ली माझ्याकडे हाय," दादा म्हणाला. "बयाणा दिलाय. उद्यापर्यंत बोट मी बघतोय. मी कोणाला दाखवायची ते मी ठरवीन."

त्याने शिडी धरली. सुमनताईंनी चपला काढल्या, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि पदर खोचून वर चढल्या. दादा मला म्हणाला, "तू झाकणाजवळ उभा राहा. ते उघडं ठेव. बंद होऊ द्यायचं नाय."

झाकणाला अडकवायला आकडा होता. तरी मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

त्या आत गेल्या. आधी काहीच आवाज आला नाही. मग खरवडल्याचा आवाज आला. बांगड्यांचाही. मग आतून त्यांचा आवाज, अगदी साधा, घरात काही अडलं तर कोणी मागावं तसा, "भाऊ, हातोडा आहे का?"

दादा पिशवीतून हातोडा आणि छिन्नी घेऊन आत उतरला. मला वरून दोघांची डोकी दिसत होती. छत इतकं खाली होतं की दोघांनाही वाकून बसावं लागत होतं. दादाने मोज्याच्या भोवती छिन्नी धरून हळू हळू ठोकायला सुरुवात केली. अगदी हलक्या हाताने, तो नेहमी बोटीवर काम करतो तसा. रेझिन फुटत नव्हतं. पांढरी भुकटी उडत होती. त्याने खोकून रुमाल तोंडावर बांधला, दुसरा काढून सुमनताईंना दिला.

मग एक 'कट्' आवाज झाला. दादा थांबला. त्याने बॅटरी घेऊन नीट बघितलं. छिन्नीपासून एक तडा निघाला होता आणि बोल्टांच्या रांगेकडे, जुन्या तळाकडे गेला होता. तो कुठे चाललाय हे माझ्यासारख्यालाही समजत होतं. अजून जोरात मारलं तर मोजा सुटला असता. आणि बोटीचं बूड गेलं असतं. ती दुरुस्त झाली नसती असं नाही, पण आमच्या हातून, आमच्या ऐपतीत, नाही.

सुमनताईंनीही तो तडा पाहिला. त्यांना बोटीतलं काही कळत नव्हतं, पण दादाच्या चेहऱ्याचं कळलं.

"राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "बघितला, तेवढं पुरे. तुमची बोट आहे."

दादाने वर, माझ्याकडे पाहिलं. मी झाकण धरून उभा होतो. मी मान हलवली की नाही ते मला आठवत नाही. मग तो खाली वळला, छिन्नी पुन्हा बसवली, आणि सगळा जोर लावून मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या घावाला थराची एक लादी सुटून आली आणि तिच्याखाली, जिथे अंधार असायला हवा होता, तिथे उजेडाची एक बारीक रेघ दिसली. बाहेरची दुपार.

सुमनताईंनी ती लादी दोन्ही हातांनी उचलली. अर्ध्या पाटाएवढी होती, वर मोजा. शिडीवरून उतरताना त्यांनी ती कोणाकडे दिली नाही. खाली आल्यावर त्या भिलाला म्हणाल्या, "आत उभंसुद्धा राहता येत नाही रे. एवढा उंच माणूस. सकाळपासून वाकलेलाच असेल." आणि मग पहिल्यांदा रडल्या.

दुसऱ्या दिवशी दादाने स्वतःच हसमुखभाईंना नेऊन बूड दाखवलं. ते खूप ओरडले. पोलिसांत देईन म्हणाले. मग खाली उघड्या पडलेल्या जागेकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "बयाणा वापस नहीं मिलेगा," एवढंच म्हणाले. दादाने किल्ली टेबलावर ठेवली. आत कोण गेलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

सुमनताईंची नोकरी अजून आहे. भिलाचा फोन येतो. बोटीचा शिशाचा कणा भंगारवाल्याने कापून नेला. वरची पांढरी खोळ कोणी घेत नाही, ती तिथेच आडवी पडली आहे.

घरी आल्यावर वहिनीने विचारलं, बोटीचं काय झालं. दादा पाय धूत होता. वर न बघता म्हणाला, "बूड फुटकं निघालं." गावात सगळ्यांना त्याने तेच सांगितलं, आणि लोकांनी ते मानलंही, जुन्या बोटींचं असंच असतं म्हणून. दादा पुन्हा मुंबईला मालकाची बोट धुवायला गेला.

मी त्याला खोटं पाडत नाही. पण बूड फुटकं निघालं नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा ते धड होतं.